खंडोबाचा भंडारा आणि काचेच्या पेटीतलं बाळ

पत्र

ताई, माझं बाळ अठरा दिवसांचं आहे आणि पुण्यात एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे. माझं बीपी वाढलं म्हणून २९ व्या आठवड्यात सिझर करावं लागलं. मुलगा आहे, वजन १ किलो ८० ग्रॅम. आधी व्हेंटिलेटर, मग सीपॅप (नाकातून दाबानं हवा देणारं यंत्र). जरा बरं चाललं होतं, तर आता रक्तात जंतुसंसर्ग निघालाय. डॉक्टर म्हणाले, पुढचे दोन-तीन दिवस महत्त्वाचे, आम्ही प्रयत्न करतोय, बाकी देवाच्या हातात.

आमचं गाव कराडजवळ, कुलदैवत पालीचा खंडोबा. सासूबाईंनी नवस बोललाय : बाळ घरी आलं की जागरण घालायचं, तळी भरायची, जावळ पालीला काढायचं. त्या रोज भंडाऱ्याची पुडी घेऊन येतात आणि म्हणतात, बाळाच्या कपाळाला एकदा तरी लाव. पाचवी पुजली गेली नाही म्हणून हे सगळं होतंय असं त्यांना वाटतं. शुगर असूनही रविवारचा कडक उपास करतात आणि मीही करावा म्हणतात. मिस्टर देव मानत नाहीत. परवा सगळ्यांसमोर आईला म्हणाले, ‘तुझ्या देवानं काय केलं ते दिसतंय.’ आई म्हणाल्या, ‘तुझ्यासारखा नास्तिक घरात आहे म्हणूनच.’ चुलत सासरे म्हणतात, इथला खर्च झेपणार नाही, डिस्चार्ज घ्या, ओळखीच्या एका बाबांकडे नेऊ.

आणि मी? लहानपणापासून रोज देवापुढे दिवा लावणारी. आता हात जोडायला गेले तर जोडले जात नाहीत. राग येतो. मग भीती वाटते की माझ्या रागाची शिक्षा बाळाला होईल. मी कुणाचं ऐकू?

— एक आई

उत्तर

पत्र मिळालं त्याच दिवशी आपण फोनवर बोललो. तेव्हा घाईत जे सांगितलं ते आता सविस्तर लिहिते आहे, तुमच्या परवानगीनं, कारण एनआयसीयूबाहेरच्या बाकांवर तुमच्यासारखी अनेक कुटुंबं बसलेली असतात. नवजात शिशु विभागात समाजसेविका म्हणून काम करताना मी हीच भांडणं पुन्हा पुन्हा ऐकली आहेत, जवळजवळ याच शब्दांत.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुम्हाला झोपू देत नसणार. तुमच्या रागाची शिक्षा बाळाला होणार नाही. हात जोडले गेले नाहीत म्हणून कुठल्याही बाळाच्या रक्तात जंतू शिरत नाहीत. तुमच्या बाळाच्या रक्तात ते का शिरले याचं कारण डॉक्टरांना माहीत आहे आणि ते तुमच्या घरात सगळ्यांना समजायला हवं. तीन माणसं तीन वेगळी कारणं उराशी धरून बसली की भांडण विझत नाही.

गरोदरपणात असं बीपी वाढतं त्याचं मूळ बहुतेक वेळा वारेत (प्लासेंटात) असतं. वार गर्भाशयात नीट रुजत नाही, त्याचा परिणाम आईच्या रक्तवाहिन्यांवर होतो, आणि बीपी हाताबाहेर जायला लागलं की बाळंतपण करणं एवढाच खरा उपाय उरतो. तो केला नसता तर तुमच्याही जिवावर बेतलं असतं. बाळ लवकर आलं. आईच्या रक्तातली जंतूंशी लढणारी द्रव्यं वारेतून बाळाला मिळतात, पण त्यातली बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. तुमच्या बाळाच्या वाट्याला ते महिने जेमतेम आले. त्याची कातडी इतकी पातळ असते की खालच्या शिरा दिसतात. सलाईनची नळी, नाकातली नळी, पोटात दूध घालायची नळी, या सगळ्या जगवण्यासाठीच लावलेल्या, पण जंतूंना वाटही त्यांच्यातूनच मिळते. एक किलोच्या आसपासच्या बाळांमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होणारा संसर्ग हा डॉक्टरांच्या रोजच्या लढाईतला भाग आहे. यात तुमचा दोष नाही, मिस्टरांच्या नास्तिकपणाचा नाही, आणि न झालेल्या पाचवीचाही नाही.

रागाबद्दल आणखी एक. देवावर रागावणं म्हणजे श्रद्धा संपणं असं तुम्हाला वाटतंय. आपल्या मातीत तसं कधी मानलेलं नाही. जनाबाईनं विठ्ठलाला शिव्या घातल्या. दुष्काळात बायको आणि मुलगा गमावलेल्या तुकोबांनी त्याच्याशी उभा दावा मांडला. तरी आपण त्यांना संतच म्हणतो. ज्याच्याशी काही नातंच नाही त्याचा इतका राग येत नाही. हात जोडले जात नसतील तर जोडू नका. दिवा लावायचं काम सध्या घरी दुसऱ्या कुणाला तरी करू दे. तुम्ही बाळंतीण आहात, टाके ओले आहेत, बाळापासून लांब झोपता आहात. तुमच्याकडून आत्ता भक्तीची हजेरी कुणी मागू नये, तुम्ही स्वतःही नाही.

आता सासूबाई. मला त्यांच्याबद्दल जास्त लिहायचं आहे, कारण पत्रात त्या हट्टी वाटतात आणि मला त्या घाबरलेल्या दिसतात.

पाचवीचं एवढं काय, असं तुमच्या मिस्टरांना वाटत असेल. पाटा मांडायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा तेवत ठेवून बायकांनी जागायचं, आणि रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहिणार. ही प्रथा कुठून आली असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बाळंतपणं घरी व्हायची आणि नाळ हाताशी असेल त्या विळ्यानं कापली जायची, त्या काळात बाळ पहिल्या आठवड्यातून पार पडेल की नाही हे खरंच कुणाला सांगता येत नसे. धनुर्वात नेमका याच दिवसांत गाठायचा. मला वाटतं, पाचवी-सहावीची ती जागरणं म्हणजे असहाय बायकांनी बाळाभोवती दिलेला पहारा होता. पुढे गरोदर बायकांना धनुर्वाताची इंजेक्शनं मिळू लागली, नाळ स्वच्छ ब्लेडनं कापली जाऊ लागली, आणि २०१५ मध्ये भारतानं माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन केल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. पहारा बदलला. पण सासूबाईंच्या मनात तो जुना पहारा अजून उभा आहे, आणि आपण तो द्यायला चुकलो अशी टोचणी त्यांना लागली आहे. त्यांना ‘अंधश्रद्धा सोडा’ म्हणून ती टोचणी जाणार नाही. ‘बाळ घरी आलं की आपण पाचवी पुजू, पाटा तुम्हीच मांडायचा’ असं सांगितलंत तर जाईल. दवाखान्यात अडकलेल्या बाळांची पूजा नंतर करणारी घरं मी पाहिली आहेत. कुणाची सटवाई त्यावरून रुसली नाही.

बायका असंही म्हणतात की सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही. वैद्यकशास्त्रात याच्या उलट आहे, पोटात जितके दिवस जास्त तितकं बाळ बळकट. पण तुमच्या बाळाला हा समज अनुकूल आहे आणि सासूबाई त्यावर टेकून उभ्या असतील तर आज त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका.

भंडाऱ्याचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. भंडारा बाळाला लागता कामा नये. पुडीतली पूड हळदीची असो की आणखी कशाची, ती निर्जंतुक नसते. इन्क्युबेटरमधल्या ओलसर उबेत ती जंतूंना आणि बुरशीला खाद्य होते, आणि उडालेले कण सीपॅपवरच्या फुप्फुसांत जातात. अंगारा, तीट, काजळ, मनगटाचा काळा दोरा, मध, बाळघुटी या सगळ्यांना हेच लागू. मध तर वर्षाच्या आतल्या कुठल्याच बाळाला देऊ नये, या बाळाच्या आतड्याला तर दुधाशिवाय काहीही सोसणार नाही.

मी सगळ्या घरांना एकच रेघ आखून देते. जे बाळाच्या कातडीला, तोंडाला किंवा श्वासाला लागतं आणि जे उपचाराला उशीर करतं, त्याचा निर्णय फक्त डॉक्टरांचा. त्यात आजीचं चालणार नाही, बापाचं नाही, आईचंही नाही. त्या रेघेच्या अलीकडे ज्याला जे करायचं ते करू दे. सासूबाईंनी स्वतःच्या कपाळाला भंडारा लावावा, बाकावर बसून ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणावं, देवघरात अखंड दिवा ठेवावा. मिस्टरांनी यातलं काहीच करू नये. काही विभागांत देवाचं छोटं चित्र प्लॅस्टिकमध्ये बंद करून, पुसून, पेटीच्या बाहेरच्या बाजूला चिकटवू देतात. सिस्टरना विचारा. नाही म्हणाल्या तर वाद घालू नका.

मुंबईतल्या एका विभागात मी पाहिलं होतं, एका पेटीशी वाकून बाप बाळाच्या कानाजवळ हळू आवाजात अजान म्हणत होता, पलीकडे वसईची एक आजी सिस्टरना विचारत होती की बाप्तिस्मा आत्ता इथेच देता येईल का. जिवाला धोका असेल तर त्यांच्यात पाद्रीच हवा असं नसतं, कुणीही देऊ शकतं. सिस्टरनी निर्जंतुक पाण्याचे थेंब कापसावर दिले, डॉक्टरांना विचारून. दोन्ही घरांची श्रद्धा राहिली आणि बाळांना धोका झाला नाही. सांगायचं एवढंच, की विचारलं तर बहुतेक वेळा वाट निघते. पुडी ओच्यात लपवून आत नेण्यात मात्र खरा धोका असतो, आणि घरात ज्याला सतत झिडकारलं जातं तोच माणूस लपवून नेतो.

सासूबाईंना काम द्या. एक अगदी साधं काम आहे. आत जाताना तुम्हाला बांगड्या, अंगठ्या, घड्याळ सगळं काढायला लावत असतील, कोपरापर्यंत हात धुवायचे म्हणून. बाळंतिणीच्या हातातला हिरवा चुडा उतरवणं त्यांच्या डोळ्यांना किती लागत असेल याचा विचार करा, तोही अशा दिवसांत. बांगड्या लॉकरमध्ये टाकू नका. त्यांच्या हातात द्या आणि सांगा, ‘आई, मी बाहेर येईपर्यंत सांभाळा.’ बाहेर आलात की त्यांच्याच हातानं भरून घ्या. काच वाढू नये म्हणून बांगड्या रुमालात गुंडाळून बसलेल्या सासवा मी पाहिल्या आहेत, त्या वेळात त्या कुणाशी भांडत नाहीत.

दुसरं काम दुधाचं. इथे उपासाचा प्रश्न येतो. तुम्ही उपास करायचा नाही. एक दिवसही नाही. आईचं दूध हे या बाळासाठी औषधाच्या तोडीचं आहे. जंतुसंसर्ग आणि आतड्यांचा जो गंभीर आजार या बाळांना होतो, तो आईच्या दुधावर असलेल्यांना कमी होतो. सध्या संसर्गामुळे दूध बंद ठेवलं असेल तरी काढत राहा. दिवस-रात्र मिळून आठ ते दहा वेळा, रात्री किमान एकदा उठून. पहिल्यांदा सिरिंजच्या तळाला जेमतेम थेंब दिसतो आणि आया रडतात. थेंबही जपून ठेवतात हो, तो फ्रीजमध्ये तुमच्या नावाची पट्टी लावून जातो. कमीच पडलं तर दूधपेढीचं, म्हणजे इतर आयांनी दिलेलं दूध मिळतं का विचारा. आशियातली पहिली दूधपेढी आपल्याच मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, त्यामुळे यात विचित्र किंवा कमीपणाचं काही नाही. सासूबाईंना सांगा, मी उपास करणार नाही, तुम्ही मला अळिवाची खीर करून आणा, डाळ-भात-भाजी पोटभर आणा. तुम्ही जेवलात ते दूध होऊन नातवाच्या पोटात जाणार, हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. आणि त्यांचा स्वतःचा उपास? शुगर असलेल्या बाईनं कडक उपास करून बाकावर भोवळ येऊन पडणं या घराला परवडणार नाही. त्यांच्या गोळ्या-इन्सुलिनचं त्यांच्या डॉक्टरांना विचारायला मिस्टरांनी स्वतः घेऊन जावं. मुलानं आईची काळजी केलेली आईला दिसेल, सध्या तिला फक्त त्याची चीड दिसते आहे.

मिस्टरांवर मी नाराज नाही. ‘तुझ्या देवानं काय केलं’ हे वाक्य वाईट होतं आणि त्याबद्दल त्यांनी आईची माफी मागावी. पण ते वाक्य कुठून आलं ते दिसतं. बिलाच्या खिडकीशी तेच उभे राहतात, औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन तेच धावतात, डॉक्टर वाईट बातमी आधी त्यांनाच देतात. ज्याला देवापाशी रडता येत नाही त्याला रडायला जागा कमी असते. त्यांना देव मानायला लावू नका. त्यांचा विश्वास उपचारांवर आहे, तोही विश्वासच आहे. सासूबाईंनी त्यांना नास्तिक म्हणून बाळाच्या आजाराचं खापर त्यांच्यावर फोडणं हे त्यांच्या वाक्याइतकंच क्रूर होतं. दोघांपैकी कुणीही दवाखान्याच्या आवारात कारणं शोधायची नाहीत, एवढं दोघांकडूनही कबूल करून घ्या. तुमचं ऐकतील. तुम्ही आई आहात.

चुलत सासऱ्यांना नाही म्हणा. सौम्यपणे नव्हे, ठामपणे. संसर्ग झालेलं, श्वासाला मदत लागणारं बाळ सही करून बाहेर काढलं तर ते बाबांच्या दारापर्यंतसुद्धा टिकणार नाही. बाबा काय करतील हेही सांगता येत नाही. मेळघाटात आजारी तान्ह्या बाळांच्या पोटावर तापलेल्या विळ्यानं चटके देण्याच्या ‘डंबा’ प्रथेच्या बातम्या अजून येतात. उपचाराच्या नावाखाली चालणाऱ्या अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ चा कायदा आहे. त्याच कायद्यानं घरातली पूजा, प्रार्थना, भजन, वारी यांना हात लावलेला नाही. सासूबाईंचा खंडोबा आणि ते बाबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कायद्यालाही कळतं, मिस्टरांनाही कळलं तर बरं.

पण त्यांच्या बोलण्यातला पैशाचा भाग ऐका. ‘बाबांकडे नेऊ’ या वाक्यामागे पुष्कळदा ‘पैसे संपले’ हे न बोललेलं वाक्य असतं, आणि ते बोलायची लाज वाटते म्हणून देव पुढे केला जातो. आजच हॉस्पिटलच्या समाजसेवकांना भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे हॉस्पिटल आणि बाळाचा उपचार बसतो का ते विचारा. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड गावाहून मागवून घ्या, हे काम चुलत सासऱ्यांना द्या. सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतल्या आजारी बाळावर मोफत उपचार होतात. तिथे हलवायचं ठरलंच तर डॉक्टर डॉक्टरांशी बोलतील, जागा पक्की होईल, उबेची आणि ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णवाहिकेतून नेतील. आणि नवसाचा खर्च? जागरण आत्ता घालायचं नाही, त्यासाठी कर्ज काढायचं नाही. खंडोबा थांबेल.

‘बाकी देवाच्या हातात’ हे डॉक्टरांचं वाक्य मला आवडत नाही. चांगले डॉक्टरही ते म्हणतात, दमून, कधी धीर द्यायला. पण ते ऐकून प्रत्येक जण वेगळं समजतो. सासूबाईंना वाटतं औषधं संपली, आता फक्त नवस. मिस्टरांना वाटतं हात झटकले. त्याऐवजी नेमकं विचारा. रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) कुठला जंतू आला आणि चालू असलेलं अँटिबायोटिक त्याला लागू पडतंय का? हा रिपोर्ट यायला आणि औषधाचा परिणाम दिसायला साधारण दोन-तीन दिवस लागतात, डॉक्टरांचे ‘दोन-तीन दिवस’ त्यातूनच आले असणार. बाळाचं बीपी टिकवायला औषध द्यावं लागतंय का, लघवी होते का, पोट फुगलंय का, डोक्याची सोनोग्राफी झाली का, हेही विचारा. वही ठेवा. दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी भेटा, आणि त्या भेटीला सासूबाईंना घेऊन जा. मुलाच्या तोंडून त्यांना सगळं भांडणासारखं ऐकू येतं. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं त्या मानतील.

संसर्ग म्हणजे शेवट नव्हे, हे मी धीर द्यायला म्हणत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं, आणि त्या गावांतले नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तुमचं बाळ त्या बहुतेक बाळांपेक्षा खूपच लहान आहे, त्याची लढाई अधिक अवघड आहे, हे खरं. पण त्याच्याभोवतीची यंत्रणाही कितीतरी मोठी आहे.

आणि डॉक्टर हो म्हणतील त्या दिवशी बाळाला छातीशी घ्या. उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून, वरून पांघरूण. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतल्या अभ्यासात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. १ किलो ते १ किलो ७९९ ग्रॅमच्या बाळांना जन्मानंतर लगेच असं धरायला सुरुवात केली, तर पहिल्या २८ दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलं. आई दमली तर तिच्या जागी घरातलं दुसरं माणूस धरू शकतं. बाप धरू शकतो. आजी धरू शकते. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, भंडारा पुसून सासूबाई तासभर त्याला छातीशी घेऊन बसल्या तर त्यांच्या हातून काहीतरी झालं असं त्यांना वाटेल, आणि ते खरंच झालेलं असेल.

आता जे लिहिताना हात जड होतो ते. बाळ वाचेलच असं मी सांगू शकत नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. नवस बोललेल्या घरांतली बाळं गेलेली मी पाहिली, नवस न बोललेल्या घरांतली बाळं हसत घरी गेलेली पाहिली, आणि याच्या उलटही. देव कुणाचं ऐकतो याचा हिशोब मला त्या बाकांवर कधी लागला नाही. ज्या घरांनी बाळाच्या जगण्यावर आपल्या श्रद्धेची परीक्षा लावली ती घरं बाळ गेल्यावर मोडताना पाहिली. सासू सुनेला म्हणाली, तू मनापासून मागितलं नाहीस. नवरा आईला म्हणाला, तुझ्या नवसानं वेळ गेला. म्हणून हे आत्ताच, बाळ लढत असतानाच, एकमेकांना सांगून टाका : काहीही झालं तरी कुणी किती हात जोडले हे कुणी कुणाला विचारणार नाही. सासूबाईंना नवस मोडायला सांगू नका. पण एखाद्या संध्याकाळी त्यांना म्हणा, ‘आई, बाळासाठी मागता तसं आपल्या तिघांसाठी पण मागा.’

एक राहिलं. पेटीवर बाळाची पट्टी तुमच्या नावाची असेल, ‘बेबी ऑफ’ म्हणून. त्याला नाव ठेवा. बारसं झालं नाही, अजून काही खरं नाही, नाव ठेवलं तर दृष्ट लागेल, असं कुणी म्हणेल. बारसं नंतर करू. अक्षर सासूबाईंना काढू दे, नाव मिस्टरांना निवडू दे, आणि पेटीच्या खिडकीतून हात आत घालून तुम्ही त्याला त्या नावानं हाक मारा. तो तुमचा आवाज पोटात असल्यापासून ओळखतो.

उद्याच्या भेटीत डॉक्टरांना डोळ्यांच्या तपासणीचंही विचारा. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढू शकतात, वेळेत कळलं तर उपचार आहे आणि उशीर झाला तर दृष्टी जाते. १,२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पहिली तपासणी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात व्हायला हवी, म्हणजे तुमच्या बाळाची वेळ आलीच आहे. प्रकृतीमुळे आत्ता करता येत नसेल तर कधी करणार, ती तारीख वहीत लिहून घ्या. आणि मला कळवत राहा, फोन माझ्याजवळच असतो.